कामवालीची नोंद गेटवर आहे, मंडळात का नाही?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘लाडकी बहीण’चा हप्ता कधी जमा होणार, केवायसीची मुदत वाढणार का, या बातम्या मी न चुकता वाचते, कारण आमच्या गल्लीतल्या कितीतरी बायका त्याकडे डोळे लावून असतात. दीड हजारात गॅसची टाकी येते, मुलाच्या क्लासच्या फीला हातभार लागतो. या योजनेला नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. पण ज्या माथाडी कायद्यानं आपल्या नवी मुंबईत हमालांचे संसार उभे केले, त्याच्या वाटेनं सरकार घरकामगार बायकांना का नेत नाही, हे विचारण्यासाठी हे पत्र.

माझे वडील माथाडी, म्हणजे डोक्या-पाठीवर ओझी वाहणारे हमाल. आधी मशीद बंदरला आणि बाजार इकडे आल्यावर तुर्भ्याच्या किराणा मार्केटमध्ये त्यांनी गोण्या वाहिल्या. हमालाला कायमचा मालक नसतो. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या. मग त्याचा फंड कोण कापणार, आजारपणात कोण बघणार? अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र करून लढा दिला, त्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला आणि हा पेच सुटला. व्यापारी, कामगार आणि सरकार यांचं मिळून मंडळ. व्यापाऱ्याची नोंदणी सक्तीची, हमालाचीही. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे मजुरीच्या ठरावीक टक्क्यांची वेगळी रक्कम, व्यापाऱ्यानं मंडळात भरायची. मंडळ हमालाला पगार देणार आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, दवाखाना. गाळे कितीही बदलले तरी खातं एकच.

माझी आई त्याच काळात वाशीत धुणी-भांडी करत होती. तिलाही एक मालक नव्हता, चार-पाच घरं होती. वडील थकले तेव्हा त्यांच्या हातात फंड आणि ग्रॅच्युइटी आली. आईचे गुडघे गेले तेव्हा चालू महिन्याचा पगार घेऊन ती घरी बसली. दोघांनीही अंग मोडून काम केलं होतं. वडिलांसाठी कायद्यानं लेव्ही भरली जात होती, आईसाठी कुणी भरत नव्हतं.

ही व्यवस्था हमालांपुरती राहिली असती तर मी एवढं बोलले नसते. १९८१ साली महाराष्ट्रानं खाजगी सुरक्षारक्षकांसाठी तसाच कायदा केला. १९९६ च्या केंद्रीय कायद्यानं बांधकाम खर्चावर उपकर बसवून मजुरांचा निधी उभा केला. आपल्या राज्यात तो १ टक्का आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनं तर अ‍ॅपवरून घरपोच सामान देणाऱ्या कंपन्यांनाही उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरायला सांगितलं आहे. आता पाम बीच रोडवरचा कुठलाही टॉवर घ्या. तो बांधणाऱ्या मजुरासाठी बिल्डरनं भरायचं, गेटवर सुरक्षारक्षक मंडळाचा रक्षक असेल तर त्याच्यासाठी सोसायटीनं, पार्सल आणणाऱ्या मुलासाठी कंपनीनं. आणि रोज वर जाऊन पोळ्या लाटणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना आंघोळ घालणाऱ्या बाईसाठी कुणीच काही भरायचं नाही. हे मला पटत नाही.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्रानं २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला आणि तेव्हा आम्हाला फार आनंद झाला होता. पण ज्या घरात बाई राबते त्या घरावर त्यात लेव्हीच नाही. त्यामुळे मंडळ सरकारच्या तरतुदीकडे बघत बसतं. करोनात नोंदणी असलेल्यांना दीड हजार मिळाले, पंचावन्न ओलांडलेल्यांना दहा हजारांचं सन्मानधन. तेही एकदाच. फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही, पगारी रजा नाही. तीन खाडे झाले की पगार कापला जातो.

म्हातारपणी तर आणखी हाल. ‘लाडकी बहीण’ पासष्टीला थांबते. पुढे श्रावणबाळ योजना, पण तिला अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये! इथे तेवढ्यात खोलीचं भाडंही निघत नाही. घरातला मुलगा कुठे हेल्पर म्हणून लागला असला तरी आई अपात्र. ज्या बाईनं आयुष्यभर लोकांच्या घरात खोटेपणा केला नाही, तिला सत्तरीत खोट्या दाखल्यासाठी दलालाच्या दारात उभी करणारी ही अट आहे.

२००८ च्या कायद्यात दुरुस्ती करून घरमालकावर लेव्ही बसवा, ती सोसायटीनं मेंटेनन्सबरोबर घेऊन मंडळात भरावी, ही माझी मागणी आहे. समजा १० टक्के ठरली, तर तीन हजारांच्या कामावर तीनशे रुपये. कोण बाई कुठल्या फ्लॅटमध्ये किती वाजता गेली, याची नोंद मोठ्या सोसायट्यांच्या गेटवरच्या अ‍ॅपमध्ये आधीपासून आहे. लोक म्हणतील, माथाडीच्या नावाखाली कारखानदारांकडून खंडणी उकळली जाते, तसंच इथे होईल. असं उकळणाऱ्यांना तुरुंगात टाका. खऱ्या माथाडीची बदनामी त्यांनीच केली आहे. इथे तर पैसे थेट मंडळाच्या खात्यात जायचे आहेत, मध्ये कुणाचा हात नको. कामं सुटतील अशी भीतीही घातली जाईल. नवरा-बायको दोघंही ट्रान्स हार्बरच्या लोकलनं कामावर जातात, त्या घराला तीनशे रुपयांसाठी बाई सोडणं परवडणारं नाही, हे आम्ही रोज बघतो.

सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमण्यास केंद्राला सांगितलं. माथाडी कायदा करणाऱ्या राज्यानं दिल्लीची वाट बघू नये. आमच्या आमदारांनी हा विषय पुढच्या अधिवेशनात मांडावा. आणि आपल्या दैनिकाला विनंती, की ठाणे जिल्ह्यात घरेलू कामगार मंडळाकडे आज किती बायकांची जिवंत नोंदणी आहे आणि गेल्या वर्षात त्यांतल्या कितींना काय मिळालं, हे माहिती अधिकारात काढून छापावं.

— एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई