आबा, गाय रवंथ करीपर्यंत तुम्ही बसून राहिलात

आदरणीय आबा,
साष्टांग नमस्कार.

त्या दुपारला आता वर्ष होत आले, तरी हे लिहिताना कंठ दाटून येतो. माण तालुक्यातले आमचे रान रब्बीच्या ज्वारीचे. मृगापासून हस्तापर्यंत ते नुसते कुळवून उघडे ठेवायचे, ही वाडवडिलांची रीत. २०१८-१९ च्या दुष्काळात आमची खिलारं छावणीत उसाच्या वाढ्यावर जगली. पुढे २०२३ चा ऑगस्ट, जो १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आमचा कडबाही संपवून गेला आणि दावणीला एकच गाय उरली.

चाऱ्याच्या बियाण्यासाठी मी ज्या दारात चार हेलपाटे घातले, तिथे सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे एवढ्या कारणाने मला परत पाठवले, आणि बियाणे हातात पडले तेव्हा हस्त नक्षत्रही सरले होते. तो अपमान मी विसरलेली नाही. तुम्ही सातबारा विचारला नाहीत. दावणीला जनावरे किती, एवढेच विचारलेत आणि २०२४ च्या जूनमध्ये दोन पायल्या चवळी, थोडी मटकी आणि बाजरी स्वतः घेऊन आलात.

खरिपात काही पेरले तर ते ज्वारीची ओल पिऊन टाकील, अशी माझी भीती होती. ती तुम्ही उडवून लावली नाहीत. अर्धाच एकर पेरा, ऑगस्ट सरायच्या आत कापा, म्हणजे उत्तरा-हस्ताचा पाऊस पुन्हा रानात मुरेल, असे तुम्ही समजावलेत. पावसाने ताण दिला तर कोवळ्या ज्वारीने जनावराला किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, म्हणून कडवळाऐवजी, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीऐवजी, बाजरी, हेही तुम्हीच सांगितलेत. शेजारच्या उघड्या रानातली माती पहिल्याच मोठ्या सरीत ओघळून ओढ्याला गेली. चवळीच्या पानांखालची मात्र जागची हलली नाही.

पण आबा, माझ्या मनात घर करून राहिली ती पहिल्या कापणीची दुपार. गाय नुकतीच व्यालेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. मी हिरवी चवळी तशीच तिच्यापुढे टाकणार, तोच तुम्ही माझा हात धरलात, कारण उपाशी जनावराने ती ओली, भरभरून खाल्ली तर पोट फुगते. तुम्ही पेंढी सावलीत पसरलीत, ती सुकेपर्यंत थांबलात, उरल्यासुरल्या कडब्याच्या कुट्टीत मिसळून घास घास आपल्या हाताने भरवलात. तुमची शेवटची एसटी गेली. घरी चला म्हटले, तर “तिनं रवंथ धरू दे” म्हणालात आणि दावणीजवळ उकिडवे बसून राहिलात. दिवस मावळता मावळता तिने पाय मुडपले, मान सैल सोडली आणि तिचा जबडा संथपणे हलू लागला, तेव्हाच तुम्ही उठलात. कुणी तुम्हाला पाठवले नव्हते, त्याबद्दल कुठे सही घ्यायची नव्हती. अशा माणसांच्या जिवावरच आमच्यासारख्या गावांत गुरेढोरे अजून टिकून आहेत, असे मला मनापासून वाटते.

चवळीच्या दोन ओळी मी न कापता पिकू दिल्या होत्या. त्यातले दोन पायल्या बियाणे राखेत घोळून मडक्यात ठेवले आहे. तुम्ही ते परत घेणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून यंदा ते वरच्या वस्तीवरच्या एका बाईंना देत आहे. त्यांच्या दावणीला दोन गाई आहेत आणि सातबारा त्यांच्याही नावावर नाही.

आपली ऋणी,
माणदेशातली एक शेतकरीण