दिवे घाटात चौदाचा अ‍ॅव्हरेज येत नाही, मंत्रिमहोदय

माननीय केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

मी भोसरीत राहतो. माझी एक पिकअप आहे. भोसरीच्या कारखान्यातून कास्टिंगचे क्रेट भरायचे, हडपसरवरून दिवे घाट चढून जेजुरी एमआयडीसीत उतरवायचे आणि रिकामी गाडी घेऊन परत यायचं, हा माझा धंदा. मला अनुदान नको, कर्जमाफी नको. मला एक खरा आकडा हवा आहे, आणि तो तुमच्या खात्याशिवाय कोणी देऊ शकत नाही.

दीड वर्षापूर्वी जुनी गाडी विकून नवी टर्बो डिझेल घेतली. माहितीपत्रकावर ठळक छापलं होतं, लिटरला चौदा किलोमीटर, खाली ‘प्रमाणित’. मी त्या शब्दावर विश्वास ठेवला. चौदा धरून डिझेलचा हिशेब केला, त्यावर हप्ता, टायर, ड्रायव्हरचा पगार बसवला आणि कारखान्याला वर्षभराचा रेट लिहून दिला. गाडी देते नऊ पूर्णांक चार. महिन्याला बावीस खेपा, खेपेला जाऊन-येऊन १२० किलोमीटर, डिझेल नव्वद रुपये धरा. महिन्याला आठ हजारांच्या वर पैसे धुरात जातात. रेट वाढवून मागितला तर कारखानावाले म्हणाले, लिहून दिलंय ना?

मागच्या सोमवारी वही घेऊन तिसऱ्यांदा शोरूमला गेलो. सहा महिन्यांपूर्वी त्यांनीच सांगितलं होतं, ‘अजून दोन सर्व्हिसिंग होऊ द्या, इंजिन मोकळं झालं की अ‍ॅव्हरेज येईल.’ दोन्ही झाल्या. या वेळी काउंटरवरच्या साहेबांनी वही उघडूनसुद्धा पाहिली नाही. म्हणाले, ‘तो आकडा चाचणीचा आहे, रस्त्याचा नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.’

मग ठळक अक्षरात कशाला लिहिता? मला रस्त्यावर गाडी चालवायची आहे.

ही चाचणी कशी होते ते मी शोधून वाचलं. गाडी खोलीत रोलरवर उभी करतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. वीस मिनिटांपेक्षाही कमी वेळ, वेग कधीच नव्वदच्या वर नाही, चढ नाही, एसी बंद, आणि गाडी जवळजवळ रिकामी धरलेली. मालवाहू गाडी, रिकामी! हा ठोकताळा मूळ युरोपचा. तो रस्त्याशी जुळत नाही म्हणून युरोपनेच २०१७ पासून सोडायला सुरुवात केली. असे दाखले देणारी एक संस्था आमच्याच पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे, १९६६ सालची. तिथल्या इंजिनिअर मंडळींशी माझं भांडण नाही. नियमात जी चाचणी लिहिली आहे ती ते करणार. नियम दिल्लीत लिहिला जातो.

टर्बोच्या गाडीला तर ही चाचणी अजिबात लागू पडत नाही. टर्बो म्हणजे काय, तर धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, तेवढं जास्त डिझेल जळतं आणि लहान इंजिन मोठं काम करतं. रिकाम्या गाडीला हळू चालवलं तर त्या पंख्यावर भारच येत नाही आणि कागदावर चौदा उमटतात. तीच गाडी सव्वा टन लोखंड घेऊन दिवे घाटाला लागली की वडकी सुटल्यापासून माथ्यापर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पंखा शिट्टी मारत असतो. माऊलींची पालखी ज्या चढाला जादा बैलजोड्या लावून वर नेतात, त्या चढाचा हिशेब खोलीतल्या रोलरवर कसा होणार? त्यात बीएस सहा या धुराच्या नियमांमुळे आलेला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी. हडपसरच्या कोंडीत तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडलं की त्यात काजळी साठते आणि ती जाळायला गाडी आणखी डिझेल पिते. धूर कमी व्हावा हे मलाही पटतं, माझी पोरं याच शहरात श्वास घेतात. पण त्या डिझेलचा आकडा मला आधी कोण सांगणार होतं?

आता जे लिहितो ते लिहायची लाज वाटते, पण त्याशिवाय हे पत्र पुरं होत नाही.

माझ्याकडे अकरा वर्षं एक ड्रायव्हर होते. यवतचे. मी त्यांना मामा म्हणायचो. नवी गाडी आल्यावर अ‍ॅव्हरेज बसेना, तेव्हा शोरूममध्ये पहिल्याच खेपेला मला सांगितलं, ‘आधी तुमचा ड्रायव्हर बघा.’ आमच्या धंद्यात या वाक्याचा अर्थ एकच. डिझेल चोरी. मी टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं. मामांना पंपावर पाठवणं बंद केलं, पावत्या जुळवायला लागलो. मामांनी ते पाहिलं, बोलले नाहीत. मग एका रात्री त्यांच्या घरी जाऊन विचारलं, ‘मामा, चारेक लिटर रोज जातंय कुठे?’ त्यांची मुलगी दारात उभी होती, बारावीची. मामांनी खिशातून किल्ली काढली, माझ्या हातावर ठेवली आणि आत गेले.

पुढचे दोन महिने गाडी मी स्वतः चालवली. टाकी काठोकाठ भरायची, मीटर लिहायचं, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरायची. पहिला महिना नऊ पूर्णांक दोन. दुसरा नऊ पूर्णांक चार. मामांच्या हातात गाडी माझ्यापेक्षा थोडं जास्तच अ‍ॅव्हरेज देत होती.

मंत्रिमहोदय, एका प्रामाणिक माणसाला मी चोर म्हटलं, ते तुमच्या खात्याच्या नियमाने प्रमाणित झालेल्या आकड्याच्या भरवशावर. याची भरपाई कोणत्या खिडकीवर मिळते?

तुम्ही म्हणाल, रस्त्यावर मोजणं अवघड आहे. नाही. एप्रिल २०२३ पासून तुम्हीच नव्या गाड्यांचा धूर प्रत्यक्ष रस्त्यावर मोजायला लावता, गाडीच्या मागे यंत्र बांधून. त्या यंत्रात कार्बन डायऑक्साइडही मोजला जातो. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे गाडी किती प्यायली याचा हिशेब त्याच कागदात आहे. तो ग्राहकाला का दाखवत नाही? युरोपात २०२१ पासून नव्या गाड्यांत खरा इंधनखप नोंदवणारी व्यवस्था सक्तीची आहे, आणि २०२४ मध्ये तिथल्या आयोगाने उघड सांगितलं की पेट्रोल-डिझेल गाड्या कागदापेक्षा सुमारे वीस टक्के जास्त पितात. अमेरिकेत २०१२ मध्ये दोन कोरियन कंपन्यांचे आकडे फुगवलेले निघाले, तेव्हा त्यांना गाडीमालकांना इंधनातला फरक भरून द्यावा लागला. आमच्याकडे बारीक अक्षरं दाखवतात.

कारसाठी २०१७ पासून कंपनीच्या गाड्यांच्या सरासरी इंधनखपाची मर्यादा आली, २०२२ मध्ये ती आणखी कडक झाली. त्यात आम्ही छोटे मालवाहू नव्हतो. आम्ही आठवतो ते टोलला, पासिंगला, ई-चलनला. माझ्या गाडीत क्विंटलभर माल जास्त भरला तर काट्यावर लगेच दंड. पीयूसी एक दिवस उलटली तर दंड. माझा प्रत्येक आकडा किलोत, दिवसात, रुपयात तपासला जातो. मला विकताना सांगितलेला आकडा कोणीच तपासत नाही. पुणे जिल्ह्यात माझ्यासारख्या दहा हजार गाड्या धरा, माझा हिशेब तोंडी आहे, पण महिन्याला आठ कोटींच्या वर जातात. त्या प्रत्येक लिटरवर केंद्राचा कर आहे, राज्याचाही आहे. गाडी जास्त प्यायली तर सरकारचं काय नुकसान? म्हणूनच कोणाला घाई नाही, असं आता माझं ठाम मत झालं आहे.

मागणी एवढीच. मालवाहू गाडीचा अ‍ॅव्हरेज पूर्ण मालासह आणि चढासह मोजा. रस्त्यावरचा आकडा चौदाच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापायला लावा. आणि तफावत ठरावीक टक्क्यांच्या पुढे गेली तर कंपनीने उत्तर द्यावं, काउंटरवरच्या माणसाने नव्हे.

मी दिवाळीत यवतला जाऊन आलो. मामांनी चहा दिला, ‘जाऊ द्या मालक’ म्हणाले. मुलगी मात्र बाहेर आली नाही. तुमच्या खात्याच्या शिक्क्याचा, खऱ्या अ‍ॅव्हरेजचा कागद निघाला तर त्याची एक प्रत मला पाठवा. ती मी तिच्या हातात नेऊन देणार आहे.

आपला,
एक पिकअपमालक, भोसरी, पुणे