बाबा, त्या धामणीला मारू नका

ती. आई आणि बाबा,
सा. न.

परवा फोनवर आई म्हणाली की गोठ्यामागच्या गवताच्या गंजीत मोठी धामण दिसली आणि बाबा शेजारच्या पोरांना काठ्या घेऊन बोलवणार आहेत. रेंज गेली म्हणून नीट बोलता आलं नाही, पण तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून लिहायला बसलो. बाबा, प्लीज तिला मारू नका.

आईची भीती मला कळते. धामण उंदरांबरोबर बेडूक, अंडी, कोंबडीची बारकी पिल्लंही खाते, ते काही खोटं नाही. आणि पिल्लू जाताना बघणं किती वाईट असतं ते मी याच पावसाळ्यात बघितलंय. इथं बेळगावात मागच्या दाराजवळची मधुमालती आई तुला आठवते ना, त्यात लालबुड्या बुलबुलानं घरटं केलं होतं, हात वर केला तर लागेल इतकं खाली. तुझी नात रोज शाळेला जायच्या आधी खुर्चीवर चढून पिल्लं बघायची. एक दिवस सकाळी सकाळी बुलबुलांचा एवढा कालवा झाला की मी चहा टाकून पळालो, बघतो तर वेलीत भारद्वाज. तू म्हणायचीस ना भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, आम्ही शाळेला जाताना मुद्दाम त्याला शोधत जायचो. तोच, तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा, आणि चोचीत पिल्लू, त्याचा एक बारीक पाय बाहेर हलत होता. सातभाई, शिंपी, सगळे जमून ओरडत होते, त्यानं कुणाकडं बघितलंसुद्धा नाही, शांतपणे फांदीवरून चालत गेला आणि थोड्या वेळानं दुसऱ्यासाठी परत आला. नंतर बुलबुलाची मादी चोचीत अळी घेऊन आली आणि रिकाम्या घरट्याच्या काठावर कितीतरी वेळ बसून राहिली. पोरगी रडली, मलाही भरून आलं.

हातात काठी होती पण मी त्याला हाकललं नाही. का ते सांगतो. बुलबुल दिवसभर त्याच परसातले नाकतोडे, अळ्या आणून पिल्लांना भरवत होता, लिंबाच्या झाडावरची फुलपाखराची अळी पण त्यानंच उचलली, तेव्हा आम्ही कौतुकानं फोटो काढत होतो. आणि भारद्वाजाची पिल्लंही याच पावसाळ्याच्या दिवसांत असतात, त्यांनाही कुणीतरी भरवायला पाहिजेच की. हे सगळं पटतं, तरी तो बारीक पाय डोळ्यासमोरून जात नाही. दोन्ही खरं आहे. शेजारच्या मांजराला मात्र मी हाकलतो, ते घरी दूधभात, मासे खाऊन येतं आणि पाखरू मारून तिथंच टाकून जातं, त्याला आपण माणसांनी आणलंय, मग त्याला आवर घालायचं कामही आपलंच.

आता धामणीचं. ती बिनविषारी आहे. लांब, सडपातळ, डोळे मोठे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा, नागासारखी फणा काढत नाही. गाईचं दूध पिते, शेपटीनं मारते हे सगळं खोटं. आणि बाबा, बांधावर दोन धामणी पिळा घालून उभ्या राहतात त्याला तुम्ही जोडी म्हणता ना, ते बहुतेक वेळा दोन नर असतात, मादीसाठी झुंजत असतात. गोठ्याशेजारी तुम्ही भाताची पोती ठेवता, तिथं उंदीर, घुशी किती असतात तुम्हीच सांगता दरवर्षी. ती गेली तर उंदीर वाढणार, आणि उंदरांमागं नाग, घोणस येतात, त्यांच्यापेक्षा ही शंभरपट बरी. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे तिला मारणं गुन्हा आहे, त्या पोरांना उगाच कशाला अडकवायचं.

आपल्या खानापूरच्या लोकांना जनावरांची सवय आहे, तुम्ही अस्वल, डुक्कर सगळं बघत आलात. इथं शहरात २०२२ च्या ऑगस्टमध्ये जाधव नगरात बिबट्या आला तर कितीतरी शाळा बंद, हत्ती आणून शोधला तरी सापडला नाही. तुम्ही तर तेव्हा फोनवर म्हणाला होता, त्याला जाऊ दे की त्याच्या वाटेनं. धामणीलाही तेवढंच म्हणा ना.

आईच्या पिल्लांचं मी बघतो. गणपतीला येताना खडेबाजारातून बारीक भोकांची जाळी आणतो, खुराड्याला खालून सुद्धा मारून घेऊ, तोवर संध्याकाळी पिल्लं आत घ्या आणि दाराखालच्या फटीत फळी लावा. घरात शिरली किंवा धामणच आहे का नक्की कळत नसेल तर जवळ जाऊ नका, सर्पमित्राला बोलवा, नंबर मी मेसेज केलाय. आणि बाबा, त्या पोरांना आजच नको म्हणून सांगा, पाहिजे तर माझं नाव सांगा.

तुमचा,
बाळू