पोझ सोडायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

पिळदार अंगाला पडद्यावर काम मिळतं, पण बोलायची वेळ आली की दुसऱ्याचा आवाज शोधावा लागतो, हे आमच्या शरीरसौष्ठवाच्या क्षेत्राचं जुनं दुखणं. १९५० चा मिस्टर युनिव्हर्स स्टीव्ह रीव्ह्ज १९५८ मध्ये हर्क्युलिस झाला, तरी इंग्रजी आवृत्तीत आवाज दुसऱ्याचाच. अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या पहिल्या चित्रपटातही तेच. पुढे तो एरिक मॉरिस यांच्याकडे अभिनय शिकला आणि १९७६ च्या ‘स्टे हंग्री’मधल्या कामाला गोल्डन ग्लोब मिळालं. नागपुरातल्या पोरांना ते शिक्षण तुम्ही दिलंत, म्हणून आम्हा प्रशिक्षकांचं हे जाहीर आभारपत्र.

स्क्वॉट, डेडलिफ्ट मारताना श्वास कोंडायचा, मंचावर पोट आत ओढून छाती वर धरायची. वर्षानुवर्षं हेच केलं की श्वास छातीतच अडकतो, मान ताठरते आणि दोन-चार वाक्यांत घसा बसतो. त्यावर तुमचा उपाय साधा. सतरंजीवर उताणं पडायचं, गुडघे दुमडायचे, पोटावर जाड पुस्तक. चार मोजत श्वास घेताना पुस्तक वर गेलं पाहिजे. मग ‘स्स्स’ करत पंधरा मोजेपर्यंत सोडायचा. हळूहळू पंचवीसपर्यंत. खांदा हलला की पुन्हा पहिल्यापासून. आणि हे सगळं व्यायामाआधी, कारण वजन उचलताना गळा घट्ट मिटतो. त्यावर लगेच चढ्या पट्टीत संवाद म्हटले तर आवाज फाटतो. झाडीपट्टीच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकात उभं राहायचं तर याला पर्याय नाही.

कॅमेऱ्यासमोरच्या खुबीही तुमच्याच. शॉटआधी पंधरा-वीस जोर पुरेत. पायांचा व्यायाम नको, दंडातला पंप, म्हणजे रक्त भरून आलेला फुगवटा, उतरतो. संवाद असेल तर जोर झाल्यावर दोन मिनिटं थांबायचं, नाहीतर धाप ऐकू येते. रिटेकलाही जोर तेवढेच, म्हणजे दंड एका शॉटमध्ये फुगलेला आणि दुसऱ्यात उतरलेला दिसत नाही.

सगळ्यात मोठे आभार मात्र पाण्याबद्दल. स्नायू ठळक दिसावेत म्हणून पाणी-मीठ तोडून आणलेला कोरडेपणा एखाद-दोन दिवस टिकतो, चित्रीकरण तर सहज आठवडाभर पुढे ढकललं जातं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात; त्यात लघवीची गोळी घेतली तर पायात गोळे, चक्कर, हृदयाचे ठोके बिघडणं, सगळंच. पाणी तोडून आलेल्या पोराला तुम्ही तालमीला उभंच करत नाही. हे ठणकावून सांगणारं माणूस या धंद्यात विरळा, बाई.

शनिवारी सकाळी व्यायामशाळेचा मागचा हॉल तुमच्या वर्गासाठी मोकळा ठेवला आहे. सतरंज्या आमच्याकडून. पंखे सरावापुरते बंद ठेवू, त्यांच्या घरघरीत ‘स’ कुठे तुटला ते कळत नाही.

आपले,
व्यायामशाळेतले प्रशिक्षक, महाल, नागपूर