मंत्रिमहोदयांस एका ‘मृत’ सार्जंटचं खुलं पत्र

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

माजी सैनिकांच्या मेळाव्यात आपण हसत हसत म्हणालात, ‘‘युतीत मैत्रीपूर्ण लढती व्हायच्याच, थोडं फ्रेंडली फायर चालतं.’’ टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेतल्या माझी नव्हती.

चालतं? फ्रेंडली फायर म्हणजे आपल्याच माणसांवर आपलाच मारा. 27 फेब्रुवारी 2019 ला काश्मीरमधल्या बडगाममध्ये आपलंच एमआय-17 हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्रानं पाडलं. हवाई दलाचे सहा जण गेले, खाली एक गावकरी गेला. त्या सहांतला एक स्क्वॉड्रन लीडर आमच्या नाशिकचा. ‘ही आमची मोठी चूक’ हे हवाई दलप्रमुख भदौरिया बोलले 4 ऑक्टोबरला. सात महिन्यांनी! मध्ये लोकसभेची निवडणूक उरकली. योगायोगच म्हणायचा.

अमेरिकेचंही तेच. 1991 च्या आखाती युद्धात त्यांचे 148 जण लढताना मेले, त्यातले 35 स्वकीयांच्याच माऱ्यात. म्हणजे जवळजवळ चारांत एक. हिशेब आपल्या सचिवांकडून तपासून घ्या. 2004 मध्ये त्यांचा सैनिक पॅट टिलमन स्वकीयांच्याच गोळ्यांनी पडला, तर घरच्यांना आधी शत्रूचं नाव सांगितलं. शब्द मात्र किती गोंडस, ‘फ्रेंडली’!

मी वीस वर्षं रडारवर काढली. ‘आपला की परका’ हे ओळखणाऱ्या यंत्राला आम्ही आयएफएफ म्हणतो. पडद्यावरच्या ठिपक्याला ‘आपला’ म्हणेपर्यंत घशाला कोरड पडते. आता मीच ठिपका झालोय. एका कार्यालयानं मला मृत दाखवून पेन्शन बंद केली. हयातीचा दाखला घेऊन मी स्वतः खिडकीशी उभा, तर कारकून म्हणतो, ‘‘काका, सिस्टीममध्ये तुम्ही नाही.’’ बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं. वाण्याची उधारी थकली. जावयापुढे हात पसरला, जावयापुढे! त्याच मेळाव्यात आपण माझा अर्ज घेतलात, ‘‘आठ दिवसांत’’ म्हणालात. आज एक्कावन्नावा दिवस. पीए फोन उचलत नाहीत.

बडगाम प्रकरणात निदान कोर्ट मार्शल तरी झालं, 2023 मध्ये एका ग्रुप कॅप्टनच्या बडतर्फीची शिफारस झाली. टेबलामागून नेम धरणाऱ्यांचं काय? शेतकऱ्याचा पीकविमा असो, पोरांची शिष्यवृत्ती असो, मारणारे सगळे आपलेच. मतं मागताना ‘आपला माणूस’, आणि काम घेऊन गेलो की आयएफएफ बंद!

तो विनोद जाहीरपणे मागे घ्या. आणि जमल्यास मला जिवंत करा.

आपला (अजून तरी),
माजी सार्जंट, भारतीय हवाई दल

ता. क. : मेळाव्यात घातलेली शाल पार्सलनं परत पाठवली आहे. पोच जिवंत माणसाच्या नावे द्यावी.