सव्वादोन लाखांतली गाडी

जुळे सोलापूर,
रविवार, सकाळी

प्रिय अंबादास,

तुझं पत्र परवा मिळालं. जुन्या गाडीसाठी सव्वादोन लाख हा आकडा तू खाली रेघ मारून लिहिलायस, आणि पुढे ‘याच्यावर एक रुपया नाही’ असंही. भिवंडीच्या खोलीची अनामत आणि वहिनींची भिशी मिळून ते पैसे उभे राहिलेत, हे मला माहीत आहे. म्हणून हे फोनवर न बोलता लिहून काढतोय. वहिनींनाही वाचायला दे. पैसा दोघांचा आहे, तर निर्णयही दोघांचा व्हायला हवा.

पहिलं सांगायचं ते हे, की सव्वादोन लाख हातात आहेत म्हणून सव्वादोन लाखांची गाडी घ्यायची नाही. एक लाख पंच्याऐंशीच्या वर आपण जायचं नाही. उरलेले चाळीस हजार गाडीचेच आहेत, फक्त ते विकणाऱ्याला द्यायचे नाहीत. जुनी गाडी घरी आली की पहिल्या दोन-तीन महिन्यांत आपले पैसे मागतेच. टायर, बॅटरी, ब्रेकपॅड, सगळी ऑइलं, विमा, नावावर करायचा खर्च. नुसते चार टायर म्हटले तरी पंधरा हजार जातात. ती रक्कम बाजूला नसेल, तर चांगली गाडीसुद्धा दारात उभी राहते.

हे मी सोसून शिकलोय. सहा वर्षांपूर्वी मी डिझेल गाडी घेतली होती, तुला आठवत असेल. एका एजंटाकडून घेतली. बाहेरून आरशासारखी चमकत होती, मीटरवर अठ्ठावन्न हजार किलोमीटर दिसत होते. साठवलेले होते नव्हते तेवढे सगळे मी तिच्यात घातले. तिसऱ्या महिन्यात अक्कलकोटहून येताना वळसंगच्या अलीकडे ती बंद पडली. इंजेक्टर गेले होते, आणि मिस्त्रीने उघडल्यावर टर्बोही जाण्याच्या बेतात निघाला. पोरीच्या नावची एफडी मोडली, अंबादास. ते मला आजही लागतं. मिस्त्रीने तेव्हाच ब्रेकच्या पेडलचं घासून गुळगुळीत झालेलं रबर दाखवलं आणि म्हणाला, ही गाडी अठ्ठावन्न हजार नाही, दीड लाखाच्या पुढे चाललीय. मीटर मागे घेतलेलं होतं. पेडल पहिल्या दिवसापासून माझ्या पायाखाली होतं, पण मी रंग बघत बसलो होतो.

तेव्हा डिझेलचा विचार सोड. तुझं रनिंग किती होणार? तुझ्या अम्माला दवाखान्यात न्यायचं, महिन्यातून एखाद वेळ अक्कलकोट नाहीतर तुळजापूर, वर्षातून दोनदा पंढरपूर. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर. एवढ्यात डिझेलचा फायदा निघत नाही आणि दुरुस्ती निघाली तर ती पेट्रोलच्या दुपटीने महाग. तू सीएनजीचंही विचारलंस. कंपनीतून बसवून आलेली असेल तर हरकत नाही. बाहेरून किट बसवलेली असेल तर आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, तशी नोंद आहे का ते बघायचं आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी तपासणी झालीय का ते विचारायचं. पण टाकी डिकी खाते. अम्माची व्हीलचेअर कुठे ठेवणार?

कुठली गाडी, याचं उत्तर अम्माच्या गुडघ्यांनीच दिलंय. मागच्या दिवाळीत भावजींच्या सेडानमध्ये बसताना त्यांना किती त्रास झाला ते मी पाहिलं. आधी खाली वाकायचं, मग आत घसरायचं, उतरताना दोघांनी धरून वर ओढायचं. त्यांना खुर्चीच्या उंचीची सीट हवी, बूड टेकवलं की पाय आत. या पैशांत तशी गाडी म्हणजे वॅगन आर. त्यातही २०१० नंतरचं, के सिरीज इंजिनाचं मॉडेल. ९९८ सीसी, तीन सिलिंडर, टायमिंग बेल्टऐवजी चेन. म्हणजे ठराविक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही आणि तो अचानक तुटून इंजिन खराब होण्याची भीती नाही. सुट्या भागांना अडत नाही, खेड्यातल्या मिस्त्रीलाही ही गाडी उघडता येते. शिवाय १००० सीसीच्या आतल्या गाडीचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा, २०२२ च्या दराने वर्षाला २०९४ रुपये अधिक जीएसटी, त्याच्या वर गेलं की ३४१६. सँट्रो १०८६ सीसीची, ती वरच्या गटात जाते. सँट्रोही मला आवडते, आय टेनही दणकट आहे, पण त्यांची सीट वॅगन आरएवढी उंच नाही. ज्या कंपन्यांनी इथला धंदा गुंडाळलाय त्यांच्या गाड्या स्वस्तात मिळतात, शेव्हरोले २०१७ ला विक्री थांबवून गेली. गाडी वाईट म्हणून मी नको म्हणत नाही. पण एखाद्या भागासाठी पंधरा दिवस वाट बघणं तुला परवडणार नाही. अम्माची तपासणीची तारीख थांबत नाही.

एक गोष्ट मात्र तुझ्यापासून लपवणार नाही. या वयाच्या स्वस्त गाड्यांत एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) बहुतेक नसतात. एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या काही वरच्या मॉडेलमध्ये ती पर्याय म्हणून मिळायची. तशी सापडली तर पाच-सात हजार जास्त द्यायला मी तयार आहे. नाही सापडली, तर पुण्याच्या हायवेवर ऐंशीच्या वर जायचं नाही आणि मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा, हे तू मला कबूल कर.

आता कागद. यात मी जराही ढिलाई करणार नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. मार्च २०११ मध्ये नोंदलेली गाडी मार्च २०२६ पर्यंतच. पुढे पुन्हा पासिंग करून पाच वर्षं वाढवून घ्यावी लागते. त्याची फी एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून थेट पाच हजार झाली आणि वर जुन्या गाडीवरचा ग्रीन टॅक्स वेगळा. लाखाच्या आत गाडी म्हणून जे कोणी सांगतात, त्यातल्या निम्म्या अशाच पंधराव्या वर्षाच्या तोंडावर आलेल्या असतात. म्हणून निदान दोन-तीन वर्षं शिल्लक असलेलीच गाडी बघायची.

तुझे मामा कलबुर्गीची गाडी सुचवताहेत असं तू लिहिलंस. त्यांना नमस्कार सांग, पण तिकडच्या केए ३२ नंबरची गाडी नको. विजापूरची केए २८ सुद्धा नको. किमतीत वीस-तीस हजार कमी दिसते खरी, पण तिकडून एनओसी आणायची, इथे परत महाराष्ट्राचा टॅक्स भरायचा, मग एमएच १३ नंबर घ्यायचा. कमी दिसलेले पैसे तिथेच जातात आणि दोन-चार महिने हेलपाटे होतात ते वेगळेच. आपल्याच आरटीओची गाडी घेतली, तर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या आणि बाकीची कागदपत्रं, एवढ्यावर काम होतं. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय इसार म्हणून पाचशे रुपयेसुद्धा द्यायचे नाहीत.

आणि गाडी लगेच नावावर करायची. ‘चालवा हो, करू सावकाश,’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. आपल्याकडे तीन-तीन मालक फिरलेल्या आणि कागदावर पहिल्याच्याच नावावर असलेल्या गाड्या मी पाहिल्यात. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून मागावा लागतो. नाहीतर थर्ड पार्टीचं संरक्षण राहतं, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची विम्यातली सूट, तीही आपल्याला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. तेव्हा ‘पन्नास टक्के बोनस आहे, विमा स्वस्त पडेल,’ असं कोणी म्हणालं तर ते किमतीत धरायचं नाही.

आता खरी बातमी. एक गाडी मी पाहून आलोय.

विजापूर रोडला एक गृहस्थ आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांची २०१३ ची वॅगन आर, पेट्रोल, पहिलेच मालक. मुलाने नवी घेतली म्हणून ही काढताहेत. मिस्त्रीला घेऊन गुरुवारी संध्याकाळी गेलो, तर बोनेट गरम. ते म्हणाले, तुम्ही येणार म्हणून चालू करून ठेवली होती. हेतू चांगला असेल त्यांचा, पण गरम इंजिन सगळंच झाकतं. मी हात जोडून सांगितलं, उद्या सकाळी सातला येतो, तोवर किल्ली लावू नका. शुक्रवारी सकाळी थंड गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. सायलेन्सरमागे मी स्वतः उभा राहिलो. निळा धूर नाही, म्हणजे ऑइल जळत नाही. सुरुवातीला थोडी वाफ आली आणि मिनिटाभरात थांबली. पांढरा धूर येतच राहिला असता तर मी तिथूनच परत फिरलो असतो.

मिस्त्रीने ऑइलचं झाकण काढून आतून बोट फिरवलं. दह्यासारखं पांढरं काही नाही, म्हणजे कूलंट ऑइलमध्ये उतरलेलं नाही. रेडिएटरमध्ये हिरवं कूलंट होतं. याचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला. आपल्याकडे बोअरचं जड पाणी ओतून लोक गाडी चालवतात, आतून क्षार धरतो आणि एप्रिलच्या उन्हात सातरस्त्याच्या सिग्नलला तापमानाचा काटा वर चढतो. या माणसाने बारा वर्षांत तसं केलेलं नाही, आणि यावरून मला तो माणूस कळला. सर्व्हिसच्या पावत्या त्यांनी एका फायलीत तारखेप्रमाणे लावलेल्या आहेत. एकसष्ट हजार किलोमीटर मीटरवर आहेत आणि शेवटच्या पावतीवर अठ्ठावन्न. सगळ्या पावत्यांवरचे आकडे एकामागोमाग चढत गेलेत. पेडलचं रबरही तेच सांगतं. यावेळी मी ते आधी पाहिलं.

दारांचे रबर ओढून आतले स्पॉट वेल्डिंगचे ठिपके बघितले, चारही खांबांना एकसारखे आहेत. बोनेटच्या बोल्टवरचा रंग उडालेला नाही, म्हणजे ठोकून परत जोडलेली गाडी वाटत नाही. डाव्या मागच्या दाराला टचअप आहे, ते त्यांनी मी विचारायच्या आत सांगितलं. गाडी पाण्यात बुडालेली नाही ना म्हणून मॅट उचलून पाहिलं, सीटचे रूळ तपासले. गाळ नाही, गंज नाही, कुबट वास नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला त्यानंतर मी हे कधीच चुकवत नाही. पाण्यातली गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकता येते.

शनिवारी त्यांच्या परवानगीने भर दुपारी बारा वाजता एसी लावून तुळजापूरचा घाट चढून आलो. मुद्दाम ती वेळ निवडली. चौघे बसलो होतो. काटा मध्यावरून हलला नाही, एसी गार राहिला. चढावर क्लच मात्र जरा वर धरतोय. वर्षभरात क्लच प्लेट बदलावी लागेल, आठ-नऊ हजार धर. पुढच्या डाव्या चाकाकडून खड्ड्यात खटखट येते, मिस्त्री म्हणतो लोअर आर्मचे बुश, म्हणजे चाकाच्या जोडणीतले रबर, गेलेत. टायरवरचा आकडा २२१८, म्हणजे २०१८ च्या बाविसाव्या आठवड्यातले. नक्षी शिल्लक आहे, पण रबर कडक होऊन बारीक चिरा पडल्यात. चारही बदलायचे. एअरबॅग नाही. उच्च सुरक्षेची नवी नंबरप्लेट बसवलेली आहे, ते सातशे पंचेचाळीस आणि जीएसटी आपले वाचले. ऑनलाइन पाहिलं तर बोजा नाही, एक जुना दंड बाकी होता तो त्यांनी माझ्यासमोर भरला.

ते दोन लाख दहा मागताहेत. मी टायर, क्लच आणि बुशचा हिशेब कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवला आणि एक लाख ऐंशी म्हणालो. घासाघीस केली नाही. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि बुधवारपर्यंत सांगतो म्हणाले. एक पंच्याऐंशीपर्यंत ते येतील असं मला वाटतं. त्याच्यावर अडले तर सोडून देऊ. तुला वाईट वाटेल, मलाही वाटेल, पण तुझ्या उरलेल्या चाळीस हजारांना मी हात लावू देणार नाही.

दोन कामं तुझ्याकडे. आधारवर पत्ता अजून भिवंडीचा असेल तर इथला करून घे, नाहीतर आरटीओत नावावर करताना अडेल. आणि अम्मांना विचार, त्यांना पुढे बसायला आवडेल की मागे. मी शुक्रवारी आमच्या आईला त्या गाडीत बसवून पाहिलं. ती कोणाचा हात न धरता बसली आणि उतरली. मागे बसायचं म्हणाल्या, तर वर धरायला मूठ आहे का ते मला बुधवारी बघता येईल.

मंगळवारी रात्री फोन कर.

तुझा,
नागनाथ