शेत अजून माझ्या नावावर करू नका

न्यू जर्सी

तीर्थरूप बाबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात की रावेरला जाऊन चार एकर केळीचे शेत बक्षीसपत्राने माझ्या नावावर करून टाकावे, म्हणजे मी परत आल्यावर मला तलाठ्याकडे हेलपाटे घालावे लागणार नाहीत. तुमच्या बोलण्यातली माया मला कळली. तरीही हे काम तुम्ही सध्या करू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. कारण फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून लिहीत आहे.

मी अमेरिकेचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले त्याच दिवशी, 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 नुसार, माझे भारतीय नागरिकत्व संपले. गावात सगळे समजतात की ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड, हे दुसरे नागरिकत्वच आहे, पण तसे नाही. त्या कार्डावर मला भारतात कितीही वर्षे राहता येते, घर घेता येते. मतदान मात्र करता येत नाही, आणि शेतजमीन विकत किंवा बक्षीस म्हणून घेता येत नाही. म्हणजे आज बक्षीसपत्र केले, तर ते कायद्याला धरून होणार नाही आणि पुढे तुम्हालाच त्रास होईल. वारसाने शेतजमीन मिळू शकते, पण त्या वाटेचा विचारही मला करायचा नाही. मला तुमच्याबरोबर बांधावरून चालायचे आहे.

म्हणून आम्ही ठरवले आहे ते असे. येत्या मे महिन्यात, मृगबागेच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या केळीच्या, लागवडीआधी, आम्ही कायमचे घरी येऊ. जी व्यक्ती पूर्वी स्वतंत्र भारताची नागरिक होती, तिला कलम 5 नुसार पुन्हा नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. अट एवढीच की अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने तिचे वास्तव्य भारतात असले पाहिजे. खास कारण असेल तर सरकार त्यात जास्तीत जास्त तीस दिवसांची सवलत देऊ शकते, पण त्या सवलतीच्या भरवशावर मी राहणार नाही. वर्षभर मी देशाबाहेर पाऊल टाकणार नाही. अर्ज ऑनलाइन भरून त्याची कागदपत्रे जळगावला जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावी लागतात. तिथून चौकशी होऊन तो राज्य सरकारमार्फत दिल्लीला गृहमंत्रालयाकडे जातो. मंजुरीची वेळ आली की अमेरिकेचे नागरिकत्व सोडावे लागेल आणि भारताच्या संविधानाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागेल. ती शपथ मी आनंदाने घेईन. यांचा अर्जही माझ्याबरोबरच असेल. नातवाचे ओसीआय कार्ड तूर्त तसेच राहील. त्याच्या जन्मदाखल्यावर इथला अपॉस्टिलचा, म्हणजे दाखला दुसऱ्या देशात खरा मानला जावा यासाठीचा, शिक्का मी घेऊन ठेवला आहे.

आता तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. माझा रद्द झालेला भारतीय पासपोर्ट आणि तो जमा केल्याचा दाखला माझ्याजवळ आहे. पण ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत माझे नाव नाही, नुसते ‘मुलगी’ लिहिले आहे. शाळेत माहेरचे आडनाव आहे आणि पासपोर्टवर सासरचे. ही तिन्ही माणसे एकच आहेत हे चौकशीत पटवून द्यावे लागेल, म्हणून जन्मनोंदीची शिक्क्याची प्रत आणि शाळा सोडल्याचा दाखला मिळवून ठेवा. लग्नाचे प्रमाणपत्र मी आणते.

दुसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. गावच्या मतदार यादीत माझे नाव अजून आहे, आणि दर निवडणुकीत तुम्ही ते कौतुकाने पाहता, हे मला ठाऊक आहे. पण जो नागरिक नाही त्याचे नाव यादीत राहू शकत नाही. मी तेव्हाच ते कमी करून घ्यायला हवे होते, ही चूक माझी आहे. नाव वगळण्यासाठी नमुना 7 असतो. यादीचे काम पाहणाऱ्या गुरुजींना विचारून तो तेवढा भरून द्या. नागरिकत्व मिळाल्यावर मी स्वतः नमुना 6 भरून ते पुन्हा लावीन, आणि सातबाऱ्याचे काय करायचे ते त्यानंतर आपण बसून ठरवू.

आई, माझा शाळेचा दाखला बहुधा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहे. ती पेटी बाबांना एकट्याने उतरवू देऊ नकोस. शेजारच्या कोणाला तरी हाक मार.

तुमची लेक